शहराखालची चरबी

विलास खुडेने यंत्राच्या जबड्यात अडकलेला गोळा फावड्याने खरवडून रस्त्यावर टाकला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि मी उपाशी नव्हते. हे मुद्दाम सांगते. सात वाजता चार पराठे, दोन ऑम्लेटं आणि वाटीभर शिरा खाऊन मी घरातून निघाले होते. तरीही त्या गोळ्याचा वास नाकात शिरला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

गटाराचा वास त्याला होताच. पण त्यावर दुसराही एक वास होता, लग्नघरात आचाऱ्यांच्या कढयांजवळून जाताना येतो तसा. गोळा नारळाएवढा, फिकट पिवळा होता. त्यात केस अडकले होते, कान साफ करायच्या काड्या होत्या, आणि फावडं टेकलं की लोण्यात उमटावा तसा ठसा उमटत होता.

"मॅडम, हे ग्रीस न्हाई," विलास म्हणाला. "बावीस वर्षं या लायनीत काढली. असलं कधी बगितलं न्हाई."

"किती लांबपर्यंत आहे?"

"चाळीस मीटर गेली घोरपड. फुडं भिंतच हाय."

घोरपड म्हणजे आमचं यंत्र. मॅनहोलमध्ये माणूस उतरवायला कायद्याने बंदी आहे, म्हणून निंबापूर महानगरपालिकेने पाइपाला चिकटून सरकणारं, पुढे दात असलेलं हे यंत्र घेतलं होतं. विलास ते वरून चालवायचा. मी, सुलक्षणा बोरगे, मलनिस्सारण विभागातली उपअभियंता. शहरातली माणसं जे टाकून देतात आणि विसरतात, ते पुढे वाहतं ठेवणं हे माझं काम.

मी तोंडातलं पाणी गिळलं, आणि आपण काय गिळलं ते लक्षात येताच झाडाच्या बुंध्याशी जाऊन थुंकले. विलासने पाहिलं. त्याला वाटलं असेल, मॅडमना घाण सहन झाली नाही.

तो गोळा कशाचा होता हे सांगायचं तर आधी 'अलगद'विषयी सांगायला हवं.

अलगद बाजारात येऊन चार वर्षं झाली होती. जेवणाआधी घ्यायचं पेय, ताकासारखं पांढरट, किंचित लिंबाच्या चवीचं. त्याआधीही वजन उतरवणारी पेयं, पावडरी आणि गोळ्या ढिगाने होत्या. बहुतेकांनी फक्त खिसा हलका व्हायचा. काही औषधं खरोखर चालायची, पण त्यांचा त्रास वेगळा होता. आपण तेल-तूप खातो तेव्हा पाचकरस त्याचे बारीक तुकडे करतात आणि तुकडे झाल्यावरच ते अंगात शिरू शकतं. ही औषधं तुकडे होऊ देत नसत. मग न पचलेलं तेल तसंच खाली वाहत यायचं, कपडे खराब व्हायचे आणि माणसं लाजेने औषध सोडून द्यायची.

अलगदने ती लाज घालवली. समुद्री शेवाळापासून बनवलेला एक लांबलचक रेणू त्यात होता. पोटात गेल्यावर तो तेलाच्या प्रत्येक थेंबाभोवती गुंडाळला जाई आणि त्या थेंबाचा मोहरीहून लहान, मेणचट दाणा होई. पाचकरसाला तो फुटत नसे. दाणे निमूटपणे बाहेर पडत. डाग नाही, चिकटपणा नाही. 'मनसोक्त खा, अलगद राहा,' असं बाटलीवर लिहिलेलं असायचं.

बाहेर पडून ते दाणे जातात कुठे, हे कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि माझं तर कामच ते होतं.

पहिल्या वर्षी माझं चौदा किलो वजन उतरलं. माझा नवरा जयवंत 'पंगत' नावाचं थाळीचं हॉटेल चालवतो. तिथे प्रत्येक टेबलावर पाण्याच्या तांब्याशेजारी अलगदच्या बाटल्या आल्या आणि हॉटेलबाहेर रांग लागायला लागली. पूर्वी दोन पुऱ्यांनंतर ताटावर आडवा हात धरणारी माणसं आठ-आठ पुऱ्या खाऊ लागली. आमची मुलगी तन्वी चौदाव्या वर्षी अलगद प्यायला लागली आणि सहा महिन्यांत तिच्या गालांची हाडं दिसायला लागली. आम्ही पेढे वाटले होते.

दुसऱ्या वर्षी माझं पाच किलो वजन परत आलं. मी रोजची बाटली दुप्पट केली.

मैलाशुद्धीकरण केंद्रातल्या प्रयोगशाळेत शबाना पटवेकर असते. मी गोळ्याचा नमुना तिला दिला. चार दिवसांनी तिने बोलावून घेतलं. काचेच्या नळीत तिने तो गोळा वितळवला होता. वर जमलेल्या तेलाला सुंदर केशरी झाक होती.

"खाण्याचं तेल आहे, तूप आहे, दुधाची साय आहे," ती म्हणाली.

"म्हणजे हॉटेलांनी ओतलेलं?"

"नाही. ओतलेलं तेल नुसतं तेल असतं. इथे प्रत्येक दाण्यावर अलगदचं कवच होतं. म्हणजे हे आधी माणसांच्या पोटातून गेलंय." तिने नळी उजेडात धरली. "अंगातल्या उबेत हे दाणे सुटे राहतात. पाइपात गारवा असतो, साबणाचं पाणी असतं. तिथे कवच विरघळतं, आतली चरबी एकमेकांना चिकटते, आणि सिमेंटच्या पाइपातल्या चुन्याशी तिचा संयोग झाला की दगडासारखी घट्ट होते. थंडी वाढेल तसं वाढणार आहे हे."

"हा रंग कसला?"

"गाजराचा. पपईचा. तेच सांगायला तुम्हाला बोलावलं." शबाना स्टुलावर बसली. "अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीत विरघळतात. चरबी गुंडाळली गेली की तीही आत गुंडाळली जातात. अर्ध्या शहराची जीवनसत्त्वं तुमच्या पाइपात साचलीत मॅडम."

"पण बाटलीवर लिहिलंय की त्यात जीवनसत्त्वं घातलीत."

"घातलीत ना. तीही इथेच आलीत."

तिने नळी परत स्टँडमध्ये ठेवली.

"आणखी एक," ती म्हणाली. "चरबी पचते तेव्हा तिचे तुकडे आतड्यातून मेंदूला कळवतात, की आता बास. कवचातला दाणा काहीच कळवत नाही. वर्ष-दोन वर्षं असं झालं की मेंदूला वाटतं, हा माणूस उपाशी मरतोय. मग तो भात, साखर, मैदा, जे मिळेल ते मागत सुटतो. म्हणून वजन पुन्हा वाढतं. तुम्ही घेता का हो अलगद?"

"कधीतरी," मी म्हणाले. माझ्या पर्समध्ये दोन बाटल्या होत्या.

मी निघताना तिने सहज बोलता बोलता सांगितलं, की तिच्या मावशीला हल्ली तिन्हीसांजेला दिसेनासं झालंय, हिरड्यांतून रक्त येतं, आणि मावशीही अलगद घेते. मी जिना उतरता उतरता थांबले. आमच्या घरी संध्याकाळी सहा वाजता सगळ्या खोल्यांतले दिवे लागलेले असतात. तन्वी लावते. मी तिला विजेवरून बोलायचे.

घरी आले तेव्हा तन्वी सोफ्यावर बसून श्रीखंडाचा डबा चाटून पुसून साफ करत होती. शेजारी शेवेची रिकामी पिशवी होती. मी दिवे मालवले. खिडकीतून अजून पुरेसा उजेड येत होता. मला तिचा चेहरा दिसत होता, डब्यावरची अक्षरं दिसत होती.

"तन्वी, जरा इकडे ये."

"आई, लाइट लाव ना."

"ये आधी."

ती उठली. दोन्ही हात पुढे धरून, पाय चाचपत निघाली आणि समोरच्या टीपॉयवर आदळली. मी धावत जाऊन तिला धरलं, दिवा लावला, तिच्या बाह्या वर सारल्या. दंडावर हिरवे-जांभळे डाग होते, नुसतं कोणी बोटांनी दाबल्यासारखे. बेसिनमध्ये तिचा ब्रश पडला होता. त्याचे केस गुलाबी झाले होते.

"दिवसाला किती बाटल्या घेतेस?"

"सहा."

"सहा?"

"त्याशिवाय भीती वाटते खायला. आणि खाल्ल्याशिवाय राहवत नाही. तुला माहितीये ना कसं होतं ते? की तुला होतच नाही?"

मला होत होतं. काल दुपारी मी ऑफिसच्या स्वच्छतागृहात दार लावून अर्धा किलो बर्फी खाल्ली होती. कमोडवर बसून. मी ते तिला सांगितलं नाही.

फ्रिजमधल्या बाटल्या काढून मी बेसिनवर उपड्या करायला घेतल्या आणि हात तसाच थांबला. हे जाणार कुठे, ते मलाच ठाऊक होतं. मी झाकणं पुन्हा लावली आणि बाटल्या कपाटात कोंडून कुलूप घातलं.

तन्वी दारात उभी राहून रडत होती. "आठवीत संस्कृतच्या बाईंनी माझ्या नावाचा अर्थ सांगितला होता. तन्वी म्हणजे सडपातळ. सगळा वर्ग हसत होता, आई. बाईसुद्धा. मला परत ते नकोय. आंधळी झाले तरी चालेल."

कार्यकारी अभियंता ढवळे साहेबांनी माझा अहवाल वाचून टेबलावर पालथा ठेवला.

"हे असं लिहिणार तुम्ही? नागरिकांच्या संडासातून आलंय म्हणून?"

"आलंय साहेब."

"नवा जॉगिंग ट्रॅक कोणी बांधून दिलाय, माहितीये ना? अलगदवाल्यांनी. हॉटेलांचं तेल असं लिहा. दहा हॉटेलांना नोटिसा काढू, विषय संपेल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि बोरगे मॅडम, तुमच्या मिस्टरांचं हॉटेल याच लाइनवर आहे. अलगदचं नाव घेतलंत तर लोक काय म्हणतील? नवऱ्याला वाचवायला बाईने कंपनीवर ढकललं. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

मी घरी येऊन जयवंतला सांगितलं. त्याला राग येईल असं वाटलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "मग लिही की हॉटेलांचं तेल."

"तुलाच नोटीस येईल."

"येऊ दे. तेल अडवायची जाळी बसवून घेतो, दंड भरतो. पण अलगद बंद झालं तर पंगतमध्ये दुसऱ्या पुरीला कोण हात लावेल?"

"जयवंत, तन्वीला संध्याकाळी दिसत नाही."

"डॉक्टरकडे नेऊ ना. टॉनिक देतील." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "तू पण घेतेसच की."

मी जे खरं होतं ते लिहिलं आणि शबानाचा तपासणी अहवाल जोडून वर पाठवलं. ढवळे साहेबांनी ते कपाटात ठेवून दिलं. माझ्या पर्समधल्या बाटल्याही त्या दिवशी मी घरच्या कुलूपबंद कपाटात टाकल्या.

त्या वर्षी दिवाळीत थंडी लवकर पडली. आणि दिवाळीत शहर काय खातं ते सांगायला नको. चकल्या, करंज्या, अनारसे, आणि प्रत्येक फराळाच्या ताटाशेजारी एक बाटली. पाडव्याला दुपारी एक वाजता मला जयवंतचा फोन आला. तो काय बोलतोय तेच कळेना. मागे नुसता गलका होता.

पंगतमध्ये पोचले तेव्हा हात धुवायच्या मोरीतून पिवळट, घट्ट लगदा वर येत होता. बुडबुडे येत, फुटत, आणि लापशीसारखा तो फरशीवर पसरत चालला होता. त्यात लालसर साय होती. वाढपी टेबलांवरून उड्या मारत बाहेर पळाले होते. जयवंत वायपर घेऊन एकटाच तो मागे लोटत होता, लोटता लोटता ओकत होता.

आणि लोक जेवत होते.

सगळे नव्हे. पण पंधरा-वीस माणसं पाय खुर्चीवर घेऊन बसली होती आणि जेवत होती. एक गृहस्थ ताट हातात घेऊन खुर्चीवर उभे होते, भरभर बासुंदी पीत होते. एक बाई एका हाताने नाकावर पदर धरून दुसऱ्या हाताने पुरीचा घास मुलाच्या तोंडात कोंबत होती, मग स्वतःच्या. त्यांच्या डोळ्यांत लाज होती, पण हात थांबत नव्हते. मला त्यांची शिसारी आली. आणि त्या बासुंदीकडे पाहून मलाही ती हवीशी वाटली, तेव्हा स्वतःची त्याहून जास्त आली.

रस्त्यावर मॅनहोल उघडं होतं. घोरपड आत गोळ्यात रुतून बसली होती, तिचे दात फिरत नव्हते. ढवळे साहेब सणाच्या नव्या कुर्त्यात, नाकाला रुमाल लावून उभे होते.

"विलासला उतरवा. दोर बांधा. यंत्र ओढून काढलं की पाणी जाईल."

"कायद्याने बंदी आहे."

"आज पाडवा आहे हो! चार हजार घरांत हे वर येतंय. पंधरा मिनिटांचं काम. मास्क आहे ना?"

विलास शर्टाची बटणं काढायला लागला होता. "जातो मॅडम. लोक खोळंबल्यात."

आत सडक्या अंड्याच्या वासाचा वायू साचलेला होता. हातातल्या मापकाचा काटा लाल पट्ट्यात होता. सहा वर्षांपूर्वी, घोरपड यायच्या आधी, अशाच एका मॅनहोलमध्ये मी विलासला उतरवलं होतं. तो बेशुद्ध होऊन वर आला होता आणि मी अहवालात 'उष्माघात' लिहिलं होतं. तो ते विसरला नव्हता. मीही नाही.

मी मजुरांकडून झाकण ओढून घेतलं, बसवलं आणि त्यावर उभी राहिले.

"कोणी उतरणार नाही. शेजारच्या जिल्ह्यातून मोठं यंत्र मागवू. उद्या रात्री, नाहीतर परवा येईल."

"परवा?" गर्दीतून कोणी ओरडलं. "तोवर आम्ही घाणीत राहायचं?"

"हो."

"नवऱ्याचं हॉटेल आहे हिचं! तेल यांनीच ओतलंय!"

जयवंत गर्दी सारून पुढे आला. गुडघ्यापर्यंत माखलेला होता. "सुलक्षणा, ऐक माझं. आपल्याही घरी चढेल ते. तन्वी एकटी आहे."

"माहितीये मला."

"मग?"

"तुझं-माझं पोटातलं काढायला मी विलासला मरू देणार नाही."

हे मी मोठ्याने बोलले. तोवर हे पोटातलं आहे असं कोणी उघड बोललं नव्हतं. एका म्हातारबुवांनी आपल्या चपलेकडे पाहिलं आणि तिथेच बाजूला जाऊन ओकले. ढवळे साहेब गाडीत बसून निघून गेले. मी संध्याकाळपर्यंत झाकणावरून हलले नाही. विलास शेजारी फुटपाथवर बसून राहिला.

यंत्र तिसऱ्या दिवशी आलं. तोवर शहरातल्या चार हजार घरांत मोऱ्यांतून, कमोडमधून तो लगदा वर येत राहिला. माणसं नातेवाइकांकडे निघून गेली, काही गच्चीवर राहिली. अलगद कंपनीने पत्रक काढलं, की आमच्या पेयाचा याच्याशी संबंध नाही. पण शबानाने आपल्या अहवालाची प्रत वर्तमानपत्राला दिली होती. तिची बदली झाली. मला कारणे दाखवा नोटीस आली. सहा महिन्यांसाठी अलगदची विक्री थांबवली गेली, तर लोक शेजारच्या जिल्ह्यात जाऊन खोकीच्या खोकी आणायला लागले. पंगतसमोरची रांग गेली. जयवंत महिनाभर माझ्याशी बोलला नाही. पण टेबलांवरच्या बाटल्या त्याने स्वतःच्या हातांनी उचलल्या, हेही खरं.

तन्वी बोलायची, पण ते ऐकवत नसे. सहा आठवड्यांत तिचं वजन सात किलोने वाढलं. डॉक्टरांनी जीवनसत्त्वांची इंजेक्शनं दिली, डाग जायला लागले, पण ती कॉलेजला जाईना. एक दिवस तिच्या दप्तरात मला अलगदची बाटली सापडली. मी रागावले नाही. तिला गाडीत घातलं आणि भर दुपारी मैलाशुद्धीकरण केंद्रावर नेलं.

सुकवायच्या वाफ्यांवर पाइपांतून काढलेली चरबी पसरली होती. साठ टन. उन्हात वरचा थर वितळून चकाकत होता. त्यावर माश्यांचा काळा पदर हलत होता, कडेला एक कुत्रं ते चाटत होतं, आणि विलास त्याला काठीने हाकलत होता.

तन्वी काठावर उभी राहिली. तोंडावर ओढणी घेतली, मग काढली.

"यात माझं किती असेल?" तिने विचारलं.

"माझंही आहे," मी म्हणाले.

तिने विलासला विचारलं, "काका, तुम्ही पण घ्यायचात अलगद?"

"न्हाई ताई." तो काठी टेकून थांबला. "दिवसभर राबल्यावर जे पोटात जातं, ते पोटातच ऱ्हावं वाटतं."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. तन्वीने दप्तरातली बाटली काढून त्याच्या हातात दिली, जणू ती टाकायची कुठे हे त्यालाच ठाऊक असावं. मग ती वाफ्याच्या कडेला वाकली आणि तिला कोरड्या उलट्या झाल्या. मी तिची पाठ धरून उभी राहिले.

इंजेक्शनं संपल्यावर डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. सांगितलं, रोज जेवताना घ्या, आणि सोबत चमचाभर तूप हवंच. चरबीशिवाय त्या अंगी लागणार नाहीत. दोघींनाही.

पहिल्या दिवशी मी तूप कढवून वाटीत आणलं. तन्वीने वास घेतला आणि खुर्ची मागे सरकवली.

"आई, हे तेच आहे."

"हो, तेच आहे."

"मला नाही जमणार."

मलाही जमेल असं वाटत नव्हतं. मी चमचा भरला. डोळ्यांसमोर ऊन, माश्या, ते कुत्रं. मी गोळी जिभेवर ठेवली आणि तूप ओतलं. ते परत वर आलं. मी ओठ दाबून ते पुन्हा गिळलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

तन्वीने आपली गोळी जिभेवर ठेवली. मग तिने नाक दाबलं, माझ्याच हातातला चमचा घेतला, भरला आणि तोंडात रिकामा केला. धावत बेसिनपाशी गेली. दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून वाकून उभी राहिली. खांदे हलत होते. मी मोजत होते, एक, दोन, तीन. काही बाहेर पडलं नाही. ती चूळ भरून आली, बाहीने तोंड पुसलं आणि भाताचं पातेलं पुढे ओढलं.

"उद्या पण?"

"उद्या पण. तीन महिने."

"मग तू आधी घे रोज," ती म्हणाली, आणि तिने माझ्या ताटात भात वाढला.